गोल्फ खेळताय ना, मग कंबर दुखायची वाट न बघता खुबे आणि पाठ मोकळी करा

डिसेंबरातली सकाळ, पुण्यातली थंडी, साडेसहाचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ. घरून निघायला उशीर झाला होता त्यामुळे गाडीतून उतरलो, बूट घातले, दोनदा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) हवेत फिरवला आणि थेट पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी. बॉल छान गेला, पण फटक्यानंतरचा फॉलो-थ्रू संपता संपता कंबरेत उजव्या बाजूला अशी उसण भरली की खाली वाकून बॉलखालची छोटी खुंटी, म्हणजे टी, उचलता येईना. ती बॅग उचलणाऱ्या कॅडीदादांनी उचलली आणि त्यांनीच मला धरून बाकड्यापर्यंत नेलं. पुढचे तीन आठवडे मोजे बायको घालून देत होती.

मी ज्या फिजिओ मॅडमकडे गेलो त्यांनी आधी कंबरेला हातच लावला नाही. स्टुलावर बसवून डावीउजवीकडे वळायला लावलं, मग पालथं झोपवून गुडघे वाकवून पाय बाहेर सोडायला लावले आणि सांगितलं की तुमची कंबर बिचारी दुसऱ्यांचं काम करतीये, डावा खुबा आतल्या बाजूला जवळजवळ वळतच नाहीये आणि पाठीचा वरचा भाग एका फळीसारखा झालाय. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसणारा माणूस, वय पन्नाशीच्या आसपास, आणि आठवड्यातून एकदा येऊन पूर्ण ताकदीने शरीर पिळणार, मग दुसरं काय होणार. त्या दिवसापासून मी हे सगळं नीट समजून घेऊन करतोय आणि माझ्याबरोबर खेळणाऱ्यांनाही करायला लावतोय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

आधी हे का होतं ते बघा, कारण ते कळलं की व्यायाम आपोआप लक्षात राहतात. आपल्या मणक्याचे भाग सगळे सारखे वळत नाहीत. कंबरेचे पाच मणके पुढेमागे वाकण्यासाठी बनलेत, त्यांच्यातले सांधेच असे बसवलेत की पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १० ते १५ अंश वळतात. बरगड्या जिथे जोडलेल्या असतात तो पाठीचा भाग मात्र एका बाजूला साधारण ३०-३५ अंश वळू शकतो, आणि खुबा म्हणजे तर उखळीत बसलेला गोळाच, त्याचं कामच वळणं. फुल बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, खांदे ९० अंशाच्या आसपास वळवायचे असतात. हे वळण खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून आलं तर काही बिघडत नाही, पण ते दोघं आखडलेले असतील तर बॉल मारायचाच असतो म्हणून शरीर ते वळण कुठूनतरी काढतंच, आणि मधे सापडते ती कंबर.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॅकस्विंगमध्ये उजवा खुबा आत वळलेला लागतो आणि डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली बॉलकडे आणताना, डावा. डावा वळला नाही की कमरेखालचा भाग मधेच थांबतो, वरचं धड मात्र वेगात येतंय, मग कंबर एकाच वेळी वळते, बाजूला झुकते आणि मागे वाकते. उजव्या बाजूचे मणक्याचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मला उसण भरली ती उजवीकडे, त्याचं कारण हे. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचा.

प्रो लोकांनाही हे सुटलेलं नाही. टायगर वूड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ मध्ये चार ऑपरेशन्स झाली, शेवटच्यात तर कंबरेचा सगळ्यात खालचा सांधा कायमचा जोडून टाकला. २०१९ मध्ये त्याने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली हे सगळ्यांच्या लक्षात आहे, मधली वर्षं लक्षात राहत नाहीत. आमच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये एकजण म्हणतो की टायगर परत आला ना मग आपल्यालाही काही होत नाही. असं नका म्हणू. त्याच्यामागे पूर्णवेळ माणसांची टीम आहे, आपल्याला सोमवारी ऑफिस आहे.

आता घरी करायच्या चाचण्या. दहा मिनिटं लागतात, एक क्लब आणि भिंत पुरते.

पहिली बसून वळायची. स्टुलावर ताठ बसा, गुडघे आणि पावलं एकमेकांना चिकटलेली, हात छातीवर घडी घालून त्यात क्लब आडवा धरा आणि गुडघे न हलवता वळा. घरात चौकोनी फरशी असेल तर तिच्या कडेला समांतर बसा, क्लब फरशीच्या कर्णाच्या दिशेला आला म्हणजे ४५ अंश झाले. दोन्हीकडे तेवढं यायला हवं. नाही आलं तर पाठीचा वरचा भाग आखडलाय.

दुसरी खुब्याची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जमिनीवर पालथे झोपा, गुडघे जुळवून काटकोनात वाकवा, आता गुडघे जुळलेलेच ठेवून पावलं बाहेरच्या बाजूंना पडू द्या. पायाच्या बाजूने कोणाला तरी फोनवर फोटो काढायला सांगा. पोटऱ्या सरळ उभ्या रेषेपासून प्रत्येकी ३०-३५ अंश तरी बाहेर पडायला हव्यात, आणि दोन्हीकडे साधारण सारख्या. माझ्या फोटोत उजवा ठीक होता आणि डावा जेमतेम अर्धा. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, आपल्याकडे बरेच जण म्हणतात मी रोज मांडी घालून जेवायला बसतो, माझे खुबे मोकळेच आहेत. मांडी घालताना मांडी बाहेरच्या दिशेला वळते. गोल्फला लागतं ते आतलं वळण, ते मांडी घालून मिळत नाही. म्हणून मांडी मस्त घालता येते आणि तरी डाउनस्विंगमध्ये खुबा अडकतो असं होऊ शकतं.

तिसरी घोट्याची, भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, अंगठ्यापासून भिंतीपर्यंत साधारण १० सेंटिमीटर अंतर ठेवून जमतंय का बघा. चौथी म्हणजे भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, कंबर भिंतीला दाबून ठेवायची आणि दोन्ही हात सरळ वर न्यायचे. कंबर भिंतीपासून सुटली की समजा खांदे आणि बगलेखालचे स्नायू आखडलेत. आणि शेवटी टाचा टेकवून उकिडवं बसून बघा. जे लहानपणी सहज जमायचं ते आता जमतंय का, आणि नसेल जमत तर कुठे अडतंय, घोट्यात की खुब्यात. दुखलं तर तिथेच थांबा. ओढ लागणं वेगळं आणि दुखणं वेगळं.

जिथे कमी पडलात तिथे जास्त वेळ द्यायचा, एवढाच नियम. मी रोज सकाळी चहाच्या आधी १५ मिनिटं करतो, ते असं.

सुरुवात मार्जारासनाने, हातगुडघ्यांवर येऊन पाठ वर कमानीसारखी आणि मग खाली, श्वासाबरोबर आठ-दहा वेळा. मग कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाकडे घेऊन मधे उशी, दोन्ही हात समोर जोडलेले, आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे न्यायचा, नजर हाताबरोबर. गुडघे उशीवरून उचलले जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर सगळं वळण कंबरेतून येतं आणि व्यायामाचा मुद्दाच जातो. मागे गेल्यावर एक लांब श्वास सोडायचा, हात आपोआप अजून दोन बोटं खाली जातो. दोन्ही बाजूला आठ-आठ वेळा. हा एक व्यायाम महिनाभर रोज केलात तर बॅकस्विंगमधला फरक कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

खुब्यासाठी जमिनीवर बसा, एक पाय समोर काटकोनात दुमडलेला आणि दुसरा बाजूला काटकोनात, हात मागे टेकवा आणि गुडघे हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवा. बाजूला असलेला पाय आत वळलेला असतो, म्हणून त्या बाजूला थोडं थांबा, त्याच गुडघ्याच्या दिशेने हलकं वजन टाका. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी हे बसून करू नका, पाठीवर झोपून पाय रुंद ठेवून गुडघे गाडीच्या वायपरसारखे एकदा इकडे एकदा तिकडे पाडा. परिणाम तोच, गुडघ्यावर ताण नाही.

मग एक गुडघा जमिनीवर आणि दुसरा पाय पुढे, मांडीचा पुढचा भाग ताणायचा. बहुतेक लोक इथे छाती पुढे ढकलून कंबर मागे वाकवतात आणि म्हणतात स्ट्रेच लागतोय. तसं नाही, ज्या बाजूचा गुडघा खाली आहे त्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळायचा, पोट थोडं आत, आणि जागच्या जागी उंच व्हायचं. पुढे सरकायची गरजच पडत नाही. ३० सेकंद, दोन्ही बाजू. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा हा स्नायू आखूड होतोच आणि तो कंबरेला कायम पुढे ओढून ठेवतो. घोट्यासाठी चाचणीचाच व्यायाम, भिंतीला गुडघा लावायचा, दहा वेळा.

आता नेहमी येणारा प्रश्न, आम्ही रोज बारा सूर्यनमस्कार घालतो ते पुरत नाही का. सूर्यनमस्कार उत्तमच आहेत, सोडू नका, पण त्यात सगळं पुढे आणि मागे आहे, वळणं कुठेच नाही. त्याला वरचे पान उलटण्याचा आणि गुडघे फिरवण्याचा हे दोन व्यायाम जोडा. आणि मागे वाकल्यावर कंबर दुखत असेल तर भुजंगासनाची पायरी अर्धीच करा, कोपरं वाकलेली ठेवून.

नुसतं मोकळं होऊन भागत नाही, ताकदही लागते. हे आठवड्यातून तीनदा केलं तरी चालतं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कुल्ले उचलायचे, १२ वेळा. हातगुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवायचा, कंबरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून, मग दुसरी बाजू, ८-८. कोपरावर कुशीने साइड प्लँक, सुरुवातीला गुडघे टेकवून १५ सेकंदसुद्धा चालतील. आणि रबरी बँड खिडकीच्या गजाला बांधून बाजूला उभं राहायचं, दोन्ही हातांनी बँड छातीशी धरून सरळ समोर ढकलायचा, बँड तुम्हाला वळवायला बघतो आणि तुम्ही वळायचं नाही. वळायच्या खेळासाठी न वळायचा व्यायाम हे ऐकायला विचित्र वाटतं पण कंबरेला स्थिर राहायचं शिकवणं हेच तर आपलं काम आहे. ज्यांच्या गावात तालीम आहे आणि शिकवणारं कोणी आहे त्यांनी हलका मुद्गल फिरवायला जरूर शिका, खांदे आणि मनगटं यासाठी त्याच्यासारखं काही नाही, फक्त हलका म्हणजे खरंच हलका.

वाकायचं कसं हेही शिकून घ्या. क्लब पाठीला उभा लावा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेलं, आणि कुल्ले मागे नेत खुब्यातून वाका. तिन्हीपैकी एकही सुटलं नाही पाहिजे. हाच तुमचा बॉलपुढे उभं राहण्याचा पवित्रा. आणि एका राउंडमध्ये टी रोवायला, बॉल उचलायला, त्याची जागा मार्क करायला आपण पन्नासेक वेळा तरी वाकतो, तेव्हा पाठ गोल करून वाकण्यापेक्षा क्लबचा आधार घेऊन एक पाय मागे उचलत वाका, तराजूसारखं.

खेळायच्या दिवशीचा वॉर्म-अप वेगळा असतो. तेव्हा लांब लांब स्ट्रेच धरून बसू नका, स्नायू जास्त वेळ ताणून धरला की पुढचा काही वेळ त्याची ताकद थोडी उतरते. त्याऐवजी हलत राहायचं. पार्किंगपासून तीन-चार मिनिटं भरभर चाला, क्लबचा आधार घेऊन एकेक पाय पुढेमागे आणि आडवा झुलवा, दहा उठाबशा, पाऊल पुढे टाकून वाकलेल्या स्थितीत धड पुढच्या पायाकडे वळवणं पाच-पाच वेळा, क्लब खांद्यांवर घेऊन वळणं, हात गोल फिरवणं. मग वेज या छोट्या क्लबने अर्धे स्विंग, सात नंबर आयर्न या मधल्या क्लबने पाऊण, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर, तोही आधी हळू. पाच-सहा स्विंग उलट्या हाताने करा, एकाच दिशेला पिळल्या जाणाऱ्या शरीराला ते फार बरं वाटतं. उशीर झालाच असेल तर निदान दहा उठाबशा, दहा वेळा वळणं आणि दहा हळू स्विंग एवढं करा आणि पहिल्या टीवर ड्रायव्हरच्या जागी त्याहून छोटा हायब्रिड क्लब घ्या. थंडीत हे जास्तच पाळा.

ज्यांचा डावा खुबा वयामुळे किंवा झीज झाल्यामुळे वळणारच नाही त्यांनी जबरदस्ती करू नका, स्विंग बदला. डावं पाऊल २०-३० अंश बाहेर वळवून उभे राहा, तेवढं वळण खुब्याला कमी करावं लागतं. बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या, जॅक निकलॉस उचलायचा आणि त्याने १८ मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. बॅकस्विंग थोडा छोटा करा. आपल्या कोचला आधी सांगा की माझं शरीर इथपर्यंतच जातं, कारण शरीर जात नाही तिथे स्विंग न्यायचा धडा शेवटी दुखापतीतच संपतो, यात कोचचाही दोष नसतो, त्याला माहीतच नसतं.

कंबरेनंतर आपल्यासारख्या हौशी लोकांना त्रास होतो तो कोपराचा. आतल्या बाजूच्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, पण बऱ्याच गोल्फर्सना डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, तेच ज्याला टेनिस एल्बो म्हणतात. यात ड्रायव्हिंग रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, कडक मॅटचा हात मोठा असतो. गवतावर क्लब मातीत सरकतो, मॅटखाली सिमेंट असलं की धक्का सरळ कोपरात येतो. जिथे गवत मिळेल तिथे गवतावर मारा, मॅटवर आयर्नचे बॉल कमी करून टीवर ठेवून मारा. ग्रिप गुळगुळीत झाल्या असतील तर बदलून घ्या, निसटेल म्हणून आपण नकळत घट्ट आवळतो आणि कोपर बिघडतं. व्यायाम सोपा आहे, हात मांडीवर टेकवून मनगट बाहेर, हातात एक किलोचं डंबेल किंवा भरलेली पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताने वर उचलायचं आणि तीन-चार सेकंद घेत हळू खाली सोडायचं. तळवा वर करून १५ आणि खाली करून १५. चिकाटी लागते, दोन-तीन महिने.

आणि बकेटचं, म्हणजे सरावाच्या बॉलचं, प्रमाण पाळा. आठवडाभर काही नाही आणि शनिवारी रेंजवर दीडशे-दोनशे बॉल, रविवारी १८ होल्सचा पूर्ण राउंड, हे शरीराला झेपत नाही. ५० बॉलपासून हळूहळू वाढवा, दर दहा बॉलनंतर मॅटवरून खाली उतरून दोन मिनिटं थांबा.

१८ होल्स चालत म्हणजे आठ-दहा किलोमीटर आणि चार तासांहून जास्त वेळ, शेवटच्या चार-पाच होल्सना पाय थकले की स्विंग हातांनी आणि कंबरेने व्हायला लागतो. म्हणून नवव्या होलनंतर केळं, चिक्की नाहीतर राजगिऱ्याचा लाडू खा, एप्रिल-मेमध्ये तहान लागायच्या आधी ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घेत राहा. पावसाळ्यात बुटांचे स्पाइक्स झिजलेत का बघा, ओल्या उतारावर पाय सरकला की गुडघा किंवा मांडीचा सांधा जातो. बॅगेतही गरज नसलेलं सामान ठेवू नका. नियमाने १४ क्लब चालतात म्हणून १४ न्यायलाच हवेत असं नाही, त्यात तीन डझन बॉल आणि छत्री दोन. ते सगळं ओझं एका खांद्यावर कॅडी उचलतो, आणि त्याची पाठ आपल्यापेक्षा जास्त दिवस या कोर्सवर चालते. शक्य असेल तिथे ट्रॉली घ्या, आणि ती ओढण्यापेक्षा ढकला.

काही लक्षणांना मात्र व्यायाम करत बसू नका, डॉक्टर गाठा. पायात खालपर्यंत मुंग्या किंवा बधिरपणा, पाऊल उचलायला ताकद न राहणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिर वाटलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. चालताना छातीत दडपण आलं तर राउंड तिथेच सोडा, स्कोअर कितीही चांगला असू दे. आणि मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला तळव्यात सतत दुखत असेल तर एक्सरे-सीटी सांगितलं तर काढून घ्या, क्लबचं टोक तिथे दाबून छोटं हाड मोडू शकतं आणि साध्या एक्सरेत ते कधीकधी दिसतही नाही.

उसण भरून गेल्यावर परत कसं यायचं हे मला कोणी सांगितलं नसतं तर मी दहाव्या दिवशी ड्रायव्हर घेतला असता. पहिले दोन दिवस सोडले तर अंथरुणात पडून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा. साधं चालणं अर्धा तास बिनदुखता जमायला लागलं की पटिंग, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलणं, पण एका वेळी १५-२० मिनिटंच, कारण पटिंगमध्ये वाकून उभं राहणंच कंबरेला जड जातं. मग चिपिंग, म्हणजे जवळचे छोटे फटके, मग वेजने अर्धे स्विंग २० बॉल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं वाढलेलं नसेल तरच पुढची पायरी, वाढलं असेल तर एक पायरी मागे. छोटे आयर्न, मग मोठे, मग नऊ होल्स. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. मला त्याला नऊ आठवडे लागले.